जोडीचं म्यान

नोंदवहीत बहुतेक ठिकाणी एवढंच लिहिलेलं असतं: 'संगीन, म्यानासह'. पात्याची लांबी, मुठीचं लाकूड, गंज कितपत, शिक्के कोणते, हा सगळा तपशील संगिनीचा. म्यानाच्या वाट्याला एक शब्द येतो आणि विषय संपतो. जुन्या शस्त्रसंग्रहांच्या नोंदी करणं आणि त्यांचं जतन हे माझं काम. त्यातला बराच काळ मी त्या एका शब्दामागे काय आहे हे शोधण्यात घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मला आजही वाटतं.

तलवारीच्या म्यानाची अशी उपेक्षा होत नाही. मखमल असते, जरीचं किंवा चांदीचं काम असतं, त्यामुळे माणसं ते हातात घेऊन निरखतात. संगीन पडली कारखान्यात लाखांनी बनलेली, एकीसारखी दुसरी. तिचं म्यान म्हणजे नुसतं वेष्टन, बसेल ते चालेल, असा समज होतो. संस्थानिकांच्या वाड्यांत, पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात मी हेच पाहत आले आहे. पाती एका पेटीत, म्यानं दुसऱ्या पेटीत. गिऱ्हाईक आलं की हाताला लागेल ते पातं हाताला लागेल त्या म्यानात जातं.

आपल्याकडच्या संग्रहांत सर्वांत जास्त सापडते ती ब्रिटिश १९०७ नमुन्याची संगीन. ली-एनफिल्ड रायफल आखूड केली, तेव्हा पोच कमी पडू नये म्हणून संगिनीचं पातं लांबवलं गेलं. सतरा इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर. घडण बरीचशी जपानी टाइप ३० संगिनीवरून उचललेली. सुरुवातीला क्रॉसगार्डला, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या पट्टीला, पुढे वळलेला हूक होता, १९१३ पासून तो बंद झाला. पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर मुठीच्या टोकात आरपार भोक पाडायला सुरुवात झाली, खाचेत माती साचून राहू नये म्हणून. पात्याच्या मुळाशी एका अंगाला मुकुट, राजाची आद्याक्षरं, १९०७ हा आकडा, खाली महिना-वर्ष आणि कारखान्याचं नाव: विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, व्हिकर्स, रेमिंग्टन. दुसऱ्या अंगाला बाण, पातं वाकवून तपासल्याची फुली, तपासनिसांचे शिक्के. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या आणि बंगालमधल्या ईशापूरच्या संगिनींवर थोड्या वेगळ्या खुणा. १९०७ हे नमुन्याचं वर्ष आहे, बनावटीचं नव्हे. त्याखालचे '५ १७' असे बारीक आकडे मे १९१७ सांगतात. हे एवढं कळलं तरी निम्म्या नोंदी दुरुस्त होतात.

म्यान चामड्याचं. तोंडाला पोलादी मोहनाळ, टोकाला पोलादी तहनाळ. मोहनाळाच्या आत पातं धरून ठेवणारी स्प्रिंग, बाहेर एक बटण. हे बटण पट्ट्याला लटकणाऱ्या फ्रॉगच्या चिरेत अडकतं. आधीच्या म्यानांवर ते थेंबाच्या आकाराचं होतं, नंतरच्या म्यानांवर गोल. मागच्या बाजूने उभी शिवण. संग्रहात म्यानांचा ढीग समोर आला की मी आधी बटण बघते, मग शिवण, मग लांबी.

या क्षेत्रात आले तेव्हा 'बरोबर म्यान' हा शब्दप्रयोग सगळे एकाच अर्थाने वापरतात असं वाटायचं. हळूहळू लक्षात आलं की त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, नमुना जुळणं, म्हणजे या संगिनीसाठी हेच म्यान ठरवून दिलेलं होतं का. दुसरी, काळ जुळणं, म्हणजे दोन्ही एकाच सुमारास वापरात होती का. तिसरी, ही दोन खरोखर एकमेकांच्या सोबत राहिली होती का. विकणारा पहिल्या गोष्टीवर थांबतो. हौशी संग्राहक दुसरीपर्यंत येतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती तिसरी, आणि तिचा पुरावा कुठल्याही छापील तक्त्यात मिळत नाही.

हे मला स्पष्ट झालं ते सैन्यात आर्मरर म्हणून नोकरी केलेल्या एका हवालदारांमुळे. खटाव तालुक्यातले, निवृत्त होऊन गावी स्थायिक झालेले. एका संग्रहाच्या कामावर ते मदतीला आले होते. मी त्यांना आबा म्हणायची. मी टेबलावर पाती आणि म्यानं मांडून वर्षं जुळवत बसले होते. आबांनी बराच वेळ पाहून घेतलं, मग म्हणाले, "ताई, कोतात जोडी कोण बघतंय? आत नीट बसली का, उलटी धरून झटकली तर पडत न्हाई ना, उपसताना अडकत न्हाई ना. एवढं झालं की फुडचा जवान."

कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. तिथला व्यवहार आबांनी मला समजावून दिला. पातं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. चामडं टिकत नाही. पावसाळा, घाम, चिखल, वाळवी, उंदीर, सगळं म्यानावर येतं. तपासणीत शिवण उसवलेलं म्यान बाद होतं आणि पेटीतलं दुसरं दिलं जातं. म्हणजे पातं जुनं आणि म्यान त्याहून अलीकडचं, ही सैन्यातली रोजची गोष्ट. १९०७ च्या कित्येक पात्यांवर मूळ तारखेशेजारी नंतरच्या वर्षाचे बारीक आकडे ठोकलेले दिसतात. दुरुस्ती किंवा तपासणी होऊन संगीन पुन्हा वापरात आल्याची ती खूण. अशा पात्यासोबत नंतरचं म्यान असेल तर ते खोटं ठरवायचं कारण नाही. उलट थांबून विचार करायला लावतं ते पात्याहून जुनं म्यान. तेही अशक्य नसतं, पण तिथे मी दुप्पट वेळ देते.

त्या दिवसानंतर माझी तपासणीची पद्धत बदलली. जोडी टेबलावर आली की मी ती उपसायची घाई करत नाही. आधी आहे तशा स्थितीत चारी बाजूंनी फोटो. मग हातात नायट्राइलचे मोजे, कारण घामातलं मीठ पोलादावर बोटांचे ठसे कोरून ठेवतं. पातं उपसताना म्यानाचं तोंड किंचित खाली. आतला केर टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर पडू द्यायचा आणि तो फेकायचा नाही. त्या केरात बरंच काही सांगितलेलं असतं. तांबूस भुकटी पडली तर चामडं आतून कुजतंय. काळपट चिकट गोळे म्हणजे शस्त्रागारातलं तेल. एकदा त्यातून पिवळी पूड निघाली होती, त्याबद्दल पुढे सांगते.

मग क्रॉसगार्डची खालची बाजू भिंगातून. संगीन वर्षानुवर्षं एकाच म्यानात राहिली असेल तर मोहनाळाच्या ओठाचा ठसा तिथे उमटलेला असतो, लंबगोल, बारीक घासलेली कड. त्यानंतर पात्याचा रंग. मोहनाळ पोलादाचं, त्याखाली चामडं. पोलादाच्या आड राहिलेला पात्याचा भाग एका तऱ्हेने जुना होतो, चामड्याच्या आड राहिलेला दुसऱ्या तऱ्हेने. चामडं दमटपणा धरतं, त्यातली आम्लं पोलादावर काळे ठिपके सोडतात. दोन्हींच्या सीमेवर, उजेड तिरपा टाकला की, पात्यावर एक आडवी रेघ दिसते. क्रॉसगार्डपासून त्या रेघेचं अंतर मी व्हर्नियरने मोजते आणि समोरच्या म्यानाच्या मोहनाळाची लांबी मोजते. दोन्ही जुळली, ओठाचा ठसाही जुळला, स्प्रिंगच्या घासट्या योग्य जागी असल्या, तर ही दोन एकत्र राहिली होती असं मी लिहिते. म्यानाची आतली खोली बांबूच्या बारीक काडीने मोजायची, टोकाला कापूस गुंडाळून. धातूची सळई नको, ती कुजलेल्या शिवणीतून आरपार जाते.

कधीकधी पात्यावर अशा दोन रेघा सापडतात, एक ठळक, एक फिकट. म्हणजे दोन म्यानांत दोन आयुष्यं काढलेली संगीन. फिकट रेघ पहिल्या म्यानाची, जे कधीच टाकून दिलं गेलं. अशी संगीन हाती आली की मला फार आनंद होतो. तिच्या बनावटीत काही वेगळं नसतं, तरी लाखांतून ती एक वेगळी ओळखता येते.

दुसऱ्या महायुद्धात सतरा इंची पातं अडचणीचं वाटू लागलं आणि भारतात ते कापून बारा इंचांवर आणलं गेलं. पुढे मुळातच आखूड पात्याच्या संगिनीही इथे बनल्या. कापलेलं पातं ओळखायला सोपं. मूळ संगिनीत पात्यावरची पन्हळ टोकाच्या बरीच अलीकडे संपते. कापलेल्यात ती जवळजवळ टोकापर्यंत पोचते, कारण पुढचा भागच गेलेला असतो. म्यानंही अशीच कापली गेली, चामडं आखूड करून तहनाळ पुन्हा बसवलं. मला ही कापलेली म्यानं फार आवडतात. कारखान्यातली मूळ शिवण वरच्या भागात एकसारखी चाललेली असते आणि खाली तहनाळाजवळ एकदम वेगळा टाका, वेगळा दोरा. कुणा कारागिराने ढिगातलं एकेक उचलून केलेलं काम तिथे दिसतं. संग्राहक मात्र अशा म्यानाला 'खराब केलेलं' म्हणतात आणि पूर्ण लांबीचं शोधून आखूड पात्याला घालतात. जुन्या बाजारात असं एक पाहिलं. लांब म्यान, आत आखूड पातं, आणि म्यानाचा खालचा भाग मधोमध मोडून लुळा पडलेला. आतून आधार नसला की चामडं तिथेच वाकतं. विकणारा सांगत होता की ही जोडी एका घरात युद्धापासून तशीच होती. पण मोडीच्या जागी आतलं चामडं ताजं, फिकट होतं. ती मोड काही महिन्यांची होती.

दुसरा ठरलेला गोंधळ १८८८ आणि १९०३ च्या संगिनींच्या म्यानांचा. त्यांची पातीही बारा इंचीच. त्यामुळे भारतीय आखूड संगिनीला ती म्यानं चढवली जातात. लांबी जमते, पण १८८८ चं पातं दुधारी आहे, मधोमध उंचवटा असलेलं. १९०७ ला एकच धार आणि पाठ जाड, सपाट. म्यानाचं तोंड दोन्हींसाठी सारखं कसं असेल? बळजबरीने खुपसलं की मोहनाळाजवळची शिवण उसवते आणि एक चांगलं म्यान कायमचं जातं. नमुना जुळवण्याच्या हौसेपायी म्यानांचा जीव गेलेला मी पुष्कळ वेळा पाहिला आहे, आणि दर वेळी मला राग येतो.

जर्मन संगिनींमध्ये काम सोपं वाटतं, कारण तिथे आकडे आहेत. माउझर कॅराबिनर ९८के रायफलच्या संगिनीवर एका बाजूला कारखान्याची खूण आणि दुसऱ्या बाजूला क्रमांक असतो. म्यानावरही तसंच. 'सी-ओ-एफ' ही सोलिंगनच्या कार्ल आइकहॉर्नची युद्धकाळातली सांकेतिक खूण, 'ए-एस-डब्ल्यू' हॉर्स्टरची. उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत लढलेल्या मराठा पलटणींच्या घरांतून अशा संगिनी अधूनमधून निघतात. पात्याचा आणि म्यानाचा क्रमांक एक असला की किंमत वाढते, आणि जिथे किंमत वाढते तिथे आकडे बदलणारे हात येतात. ठोकलेला आकडा भिंगाखाली बघावा लागतो. मूळ आकडा आधी ठोकलेला आणि मग वर निळसर मुलामा चढवलेला, त्यामुळे रेषेच्या तळाशीही तोच मुलामा दिसतो. नंतर ठोकलेल्यात तळ उघडा, चकचकीत किंवा रंगाने भरलेला, आणि कडेला उचललेला धातू नखाला लागतो. घासून पुन्हा ठोकलं असेल तर त्या जागी म्यानाचा पत्रा किंचित खोलगट होतो. पोलादी पट्टी आडवी धरून मागून दिवा दाखवला की फटीतून उजेड येतो. ही खूण मी अनेक संग्राहकांना त्यांच्याच घरी दाखवली आहे. त्यातल्या काहींना माझा राग आला, तरी दाखवायचं मी थांबवलं नाही.

आकड्यांनी दिलेला निखळ आनंदही सांगायला हवा. कोकणातल्या एका जुन्या घरात, दिवाणखान्याच्या भिंतीवर, दोन फ्रेंच ग्रा संगिनी तिरप्या एकमेकींवर टांगलेल्या होत्या. १८७४ चा नमुना. पितळी टोकाची मूठ, इंग्रजी टी अक्षरासारखी पाठ, आणि त्या पाठीवर वळणदार अक्षरांत शस्त्रशाळेचं नाव, महिना, वर्ष. या संगिनींवर क्रॉसगार्डला एक अक्षर आणि आकडे असतात, म्यानाच्या तोंडाशीही तसेच. घरमालकांनी सांगितलं, "दोन्हीही म्यानात अडकतात, जोर लावावा लागतो." आकडे वाचले तर एकीचं म्यान दुसरीला. कधीतरी साफसफाईत अदलाबदल झाली असणार. आम्ही त्या बदलल्या आणि दोन्ही पाती शेवटपर्यंत अलगद आत गेली. घरातली सगळी माणसं भोवती जमली होती, मुलांनी टाळ्या वाजवल्या. इतकं स्वच्छ उत्तर या कामात क्वचित मिळतं.

एका संग्राहकाने मला रशियन मोसिन-नागां रायफलच्या संगिनीसाठी मूळ म्यान शोधून द्यायला सांगितलं. चौधारी, काट्यासारखी, नळीने रायफलवर बसणारी संगीन. मी त्यांना सांगितलं की रशियन पायदळाला या संगिनीसोबत म्यान दिलंच जात नसे. ती रायफलवर चढवलेलीच असायची, नेमही तशीच धरून लावलेला. दुसऱ्या देशांच्या हाती लागलेल्या संगिनींना त्यांनी आपापली म्यानं केली, ती वेगळी. गृहस्थांना हे पटेना. प्रत्येक संगिनीला म्यान असायलाच हवं, नाहीतर संच अपुरा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी कुठूनतरी एक चामड्याचं म्यान मिळवलं आणि काचेच्या कपाटात दोन्ही शेजारी मांडली. माझ्या नोंदीत त्या संगिनीपुढे 'म्यान नाही, मुळातही नव्हतं' असंच राहिलं. ती वस्तू म्यानाशिवायच पूर्ण आहे.

ऑस्ट्रेलियन जोडीचा उल्लेख करायला हवा, कारण ती जोडी मला फार समाधान देते. मुठीच्या लाकडावर 'स्लॅझ' असा ठसा आणि '४३'. हा तोच स्लॅझेंजर, ज्याचं नाव आपण टेनिसच्या रॅकेटवर वाचत आलो. युद्धात त्यांनी संगिनींच्या लाकडी मुठी केल्या. म्यानाच्या चामड्यावर 'मँग्रोव्हाइट', चामड्याचे पट्टे बनवणाऱ्या सिडनीच्या कंपनीचं नाव. लाकूड एकाचं, चामडं दुसऱ्याचं, पातं लिथगोचं, आणि तिन्ही एका देशातली, एका काळातली. क्रमांक नसतानाही अशी जोडी स्वतःची ओळख पटवते.

जोडी सिद्ध झाली की लोकांना वाटतं, आता ती एकत्र ठेवायची. आणि इथेच मला सर्वांत नकोसं वाटणारं सांगावं लागतं. पातं म्यानात ठेवू नका. झाडांच्या सालीने कमावलेलं जुनं चामडं हवेतल्या प्रदूषणाने आम्लधर्मी होतं, आतून तांबडं होऊन भुकटीसारखं झडतं. आपल्या पावसाळ्यात ते पाणी शोषतं आणि चार महिने पात्याला बिलगून राहतं. १८५३ च्या एनफिल्ड संगिनीसारखी पितळी साज असलेली म्यानं असतील तर चामड्यातली चरबी पितळेला लागून हिरवं मेणासारखं किटण धरतं. म्हणून जतनाच्या खोलीत पातं वेगळ्या खोक्यात, म्यान वेगळ्या, दोन्हींना एकच क्रमांक, आणि सिलिका जेलच्या पुड्या वेळच्या वेळी बदललेल्या. पात्याला मेणाचा पातळ हात. चामड्याला खोबरेल, एरंडेल, बुटाचं पॉलिश काहीही नको. तेल पिऊन चामडं मऊ झाल्यासारखं वाटतं, पण ते चिकट होतं, धूळ धरतं आणि शिवणीचा दोरा कुजवतं. भुकटी झडत असेल तर अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या क्लुसेल-जीसारख्या द्रव्याने ती बांधता येते, पण ते जाणत्या माणसाचं काम. ज्यांनी वर्षानुवर्षं शोधून जोडी जमवली त्यांना हे सांगताना जड जातं. लग्न लावून दिलं आणि लगेच वेगळं बिऱ्हाड करायला सांगितलं, असं एक संग्राहक मला म्हणाले होते. त्यांनी तरीही ऐकलं, आणि त्यांच्या संगिनी आज उत्तम स्थितीत आहेत.

आता त्या पिवळ्या पुडीबद्दल.

साताऱ्यातलं अपशिंगे मिलिटरी सैनिकांचं गाव म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या भागात घरटी एक माणूस पलटणीत गेलेली छोटी गावं पुष्कळ आहेत. अशाच एका गावातल्या आजींच्या घरी मला बोलावणं आलं. त्यांचे आजेसासरे पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचा डिस्चार्जचा कागद होता, त्यावर ११४ मराठा पलटणीचं नाव. ही पलटण ऑक्टोबर १९१८ मध्ये मेसोपोटेमियात शरकतच्या लढाईत होती. कागदाखाली धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली संगीन.

ती ब्रिटिश नव्हती. पात्याच्या मुळाशी सोलिंगनच्या कारखान्याचं नाव, क्रॉसगार्डवर अरबी आकडे. उस्मानी सैन्याच्या माउझर रायफलची संगीन, रणावरून आणलेली. आणि म्यान? म्यान गावातल्या चर्मकाराने केलेलं होतं. जाड, बैलाच्या कातड्याचं, शिवण दोऱ्याची नाही तर चामड्याच्याच वादीची, कोल्हापुरी वहाणेला घालतात तशी. टोकाला तांब्याचा पत्रा दुमडून ठोकलेला. मोहनाळ नाहीच, तोंडाची कड आत वळवून शिवलेली. पातं उपसलं तेव्हा कागदावर पिवळी आणि लालसर पूड पडली. खंडेनवमीला संगिनीची पूजा व्हायची, हळद-कुंकू वाहून ती तशीच म्यानात जायची. वादीच्या प्रत्येक टाक्याच्या बेचक्यात कुंकू बसलेलं होतं.

आजी म्हणाल्या, "मामंजींच्या वडलांनी नुसतं पातं आणलं व्हतं. पोरं खेळायला घ्यायची, हात कापायची. मग म्यान करून घेतलं." एवढीच हकीकत. मी क्रॉसगार्ड भिंगाखाली धरला. वादीच्या कडेचा लाटेसारखा ठसा त्या पोलादावर उतरलेला होता. इतकी पक्की जोडी मी क्रमांक असलेल्या संगिनींतही फार कमी पाहिली आहे.

घरच्यांना ती संगीन एका संग्रहालयाला द्यायची होती. तिथल्या लोकांनी ती आनंदाने घ्यायची तयारी दाखवली, पण म्यान नको म्हणाले. गावठी आहे, मूळचं नाही. उस्मानी नमुन्याचं बरोबर म्यान बाहेरून मिळवू, ते शेजारी शोभेल. मी या मुद्द्यावर हटून बसले. त्या नमुन्याची म्यानं जगात कितीतरी संग्रहांत आहेत. सोलिंगनचं पातं, उस्मानी शिपाई, साताऱ्याचा जवान आणि त्याच्या गावचा चर्मकार, या चौघांना एकत्र आणणारी वस्तू ही एकच. ती म्यानाशिवाय घेतली तर ती फक्त एक तुर्की संगीन उरते. पत्रापत्री झाली. मी फोटो पाठवले, ठशाची मापं पाठवली, आजींचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून त्यावर त्यांचा अंगठा घेतला. शेवटी म्यान स्वीकारलं गेलं आणि फलकावर त्याला स्वतंत्र ओळ मिळाली. बाहेरून म्यान मागवण्याचा बेत रद्द झाला.

मोहनाळ नाही, बटण नाही, नमुना कुठलाच नाही. पहिल्या दोन कसोट्यांवर ते म्यान शून्य आहे. तिसऱ्या कसोटीवर त्याच्या तोडीचं मला दुसरं माहीत नाही. म्हणून आता मी नोंदीत तीन वेगळे रकाने ठेवते आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढत नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे, तिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेषात मोडू शकते, आणि पुरावशेष खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. १९१७ च्या पात्याने ती मर्यादा ओलांडली आहे. १९४२ च्या म्यानाने नाही. परदेशी राहणारे नातेवाईक आजोबांची आठवण म्हणून संगीन घेऊन जायचं म्हणतात, तेव्हा पात्यावरचे ते बारीक आकडे मी त्यांना आधी वाचायला लावते. शस्त्र कायद्याची चौकशी पोलीस ठाण्यात करून घ्या, हेही सांगते.

अलीकडे तरुण मुलं-मुली फोनवर फोटो पाठवतात आणि विचारतात, "ताई, हे म्यान बरोबर आहे का?" मी तीन फोटो मागवते: म्यानाचं तोंड समोरून, मागची शिवण पूर्ण लांबीची, आणि क्रॉसगार्डची खालची बाजू तिरप्या उजेडात. सोबत एक प्रश्न: ही दोन तुमच्या घरात एकत्र आली की वेगवेगळी? फोटो बहुतेक त्याच दिवशी येतात. प्रश्नाच्या उत्तराला वेळ लागतो, कारण त्यासाठी गावाकडे कुणा आत्याला किंवा चुलत आजोबांना फोन करावा लागतो. मी थांबते. ते उत्तर येईपर्यंत तिसरा रकाना रिकामाच ठेवते.